ते विसरलेले नाहीत

"तुम्ही फिलिपिन्समध्ये वाढलात ना? मग सांगा, ज्यांनी मार्कोसला पळवून लावलं त्यांनीच त्याच्या मुलाला कसं निवडून दिलं?" मे २०२२ मध्ये हुकूमशहा फर्डिनंड मार्कोसचा मुलगा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला, तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नात, ऑफिसात, सोसायटीच्या गणपतीत विचारला जातो. मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो: "विसरतात हो लोक." त्या उत्तरासाठी हे लिहायला बसले. ज्यांना मी ओळखते, ते विसरलेले नाहीत. विसरले असते तर मला समजून घेणं सोपं गेलं असतं.

बाबा भाताचे शास्त्रज्ञ. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था लॉस बान्योसला, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, म्हणून रत्नागिरी सोडून आम्ही तिथे गेलो. परदेशी शास्त्रज्ञांची बरीच मुलं वेगळ्या शाळांत जात. बाबांनी मला गावातल्या शाळेत घातलं, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. सकाळी ताहोवाल्याची (ताहो म्हणजे सोयाबीनचा गोड, मऊ खाऊ) लांबलचक हाळी यायची. जीपनीत, म्हणजे तिथल्या वडापच्या जीपमध्ये, मागे बसलं की "बायाद पो" (हे भाडं घ्या) म्हणत पैसे एकमेकांच्या हातांतून ड्रायव्हरपर्यंत जायचे आणि उरलेली चिल्लर त्याच वाटेने परत यायची. चिल्लर कधी कमी आल्याचं मला आठवत नाही. मैत्रिणीच्या घरी गेलं की आधी तिच्या आजीचा हात कपाळाला लावायचा, मग दप्तर ठेवायचं. सप्टेंबर लागला की नाताळची गाणी सुरू. वादळाचा इशारा आला की शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या घराचे पत्रे उडाले त्याची चर्चा.

शाळा साफ करण्याची पाळी आम्हा मुलांवरच असे. लाल मेण फासलेली जमीन अर्ध्या सोडणावर एक पाय ठेवून घासायची. कोकणातली पोर असल्यामुळे नारळाचं सोडण मला नवं नव्हतं, पण त्यावर नाचत नाचत वर्ग चकचकीत करता येतो हे तिथे कळलं. सकाळी झेंड्यासमोर प्रतिज्ञा: "इनिइबिग को आंग पिलिपिनास", म्हणजे फिलिपिन्सवर माझं प्रेम आहे. पुढच्याच ओळीत ही माझी जन्मभूमी आहे असं होतं. जन्म रत्नागिरीचा, तरी मी ते छातीवर हात ठेवून म्हणत असे, आणि कुणालाही, मलासुद्धा, त्यात वावगं वाटत नसे.

आमच्या वर्गशिक्षिकेला आम्ही नुसतं मॅम म्हणायचो. मॅगसेसे हे नाव इथे सगळ्यांना माहीत असतं ते पुरस्कारामुळे. १९५८ साली पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला, पुढे बाबा आमट्यांना. मला मॅगसेसे हा माणूस माहीत झाला मॅममुळे. बस कंपनीत मेकॅनिक होता, जपान्यांविरुद्ध गनिमी लढला, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मलाकान्यांग राजवाड्याची दारं शेतकऱ्यांसाठी उघडली, १९५७ साली विमान अपघातात गेला. हे सांगताना मॅमचे वडील कुळाने जमीन कसत होते, हेही त्या सांगायच्या. वर्गात भिंतीवर तेव्हा फोटो मार्कोसचा होता. त्याबद्दल त्या काही बोलत नसत.

फेब्रुवारी १९८६ मध्ये मी सहावीत होते. फिलिपिन्समध्ये मतदान केंद्रं सरकारी शाळांचे शिक्षक चालवतात. ७ तारखेच्या मार्कोस विरुद्ध कोरी अकिनो या निवडणुकीत मॅम केंद्रावर होत्या आणि रात्रभर मतपेटीजवळून हलल्या नव्हत्या. वरच्या पातळीवर मार्कोससाठी आकडे फिरवले गेले, मनिलात मतमोजणीच्या संगणकांवरचे कर्मचारी उठून निघून गेले. मग २२ तारखेला संरक्षणमंत्री एन्रिले आणि लष्कराचे उपप्रमुख रामोस फुटले, मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांना रस्त्यावर बोलावलं. रविवारी मिस्सा झाल्यावर मॅम चर्चच्या गटाबरोबर भाताची पातेली घेऊन मनिलातल्या एड्सा रस्त्यावर गेल्या. साठेक किलोमीटर. मंगळवारी रात्री मार्कोस देश सोडून गेला. शाळा भरल्यावर मॅमनी स्टुलावर चढून तो फोटो स्वतः काढला.

आता एप्रिल २०२२. मतदानाला महिना राहिलेला. मी जुन्या वर्गमैत्रिणींना भेटायला गेले होते आणि मॅमकडे जाणं ठरलेलंच होतं. गल्लीत एका घरावर मार्कोसच्या मुलाविरुद्ध उभ्या असलेल्या लेनी रोब्रेदोचा गुलाबी फलक, पुढच्यावर मार्कोसचा मुलगा आणि उपराष्ट्राध्यक्षपदाची त्याची जोडीदार सारा दुतेर्ते यांचा लाल. मॅमच्या फाटकावर लाल होता. मला वाटलं, मुलाने लावला असेल.

"मीच लावायला सांगितला," त्या म्हणाल्या. टेबलावर पान्सितच्या शेवया, बुको पाय म्हणजे शहाळ्याच्या खोबऱ्याचा पाय-केक, सगळं मांडलेलं. मी विचारलं, "मॅम, तुम्ही?" त्या चिडल्या नाहीत. आधी वाढून घ्यायला लावलं आणि मग भावाची गोष्ट सांगितली. ती मी कधीच ऐकली नव्हती. जानेवारी १९८७, कोरी अकिनो सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं. जमीन मागायला शेतकऱ्यांचा मोर्चा मलाकान्यांगकडे निघाला आणि मेंदिओला पुलाजवळ पोलीस-सैनिकांनी गोळ्या झाडल्या. डझनभर माणसं मेली. भाऊ त्या मोर्चात होता. वाचला, पण त्याच्या शेजारी चालणारा गेला. "ज्या बाईसाठी मी भात रांधून नेला, तिच्या दारात," मॅम म्हणाल्या. "जमीन त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही."

मग मुलीचं. नर्स होऊन ती रियाधला गेली, नातवंडं मॅमनी वाढवली. राष्ट्राध्यक्ष आले-गेले, प्रत्येकाने परदेशी राबणाऱ्यांना देशाचे वीर म्हटलं आणि विमानतळावरची रांग वाढतच राहिली. "तीस वर्षं आम्ही सभ्य माणसांना दिली, इहा, पोरी. अजून किती?"

मी वाद घातला. पाहुणी होते, विद्यार्थिनी होते, तरी घातला. स्विस बँकांतल्या पैशाचं काढलं: सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ६५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मार्कोस कुटुंबाची नाही, सरकारची आहे असा निकाल दिला होता. सरकारनेच मार्कोसच्या काळातल्या मानवी हक्कभंगाचे ११,१०३ बळी अधिकृतपणे मान्य केलेत, हेही सांगितलं. शेवटी १९७७ मध्ये पकडून नेलेल्या दक्षिण तागालोग या आमच्या भागातल्या दहा कार्यकर्त्यांचं नाव काढलं. त्यांतले काही आमच्याच गावातल्या विद्यापीठातले, आणि बरेच कधीच सापडले नाहीत.

मॅमनी चमचा खाली ठेवला. "त्यांतल्या एकाच्या आईला मी ओळखत होते," त्या म्हणाल्या. "तू नाही. तू शाळा संपवून गेलीस, आम्ही इथे राहिलो. मला ते दहा जण शिकवायला येऊ नकोस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना मी त्यांचा हात कपाळाला लावला, त्यांनी तो मागे घेतला नाही. बुको पाय बांधून दिला.

तर, तुम्ही विचारता ते "कसं". मार्कोसच्या पत्नी इमेल्डा १९९१ मध्येच परतल्या होत्या, १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, त्याच वर्षी मुलगा इलोकोस नोर्तेतून खासदार झाला. ही मंडळी राजकारणातून खऱ्या अर्थाने कधी गेलीच नव्हती. पक्ष तिथे निवडणुकीपुरते. टिकतात ती घराणी. १९८७ च्या घटनेत राजकीय घराण्यांना बंदी आहे, "कायद्याने ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे", आणि तो कायदा करायचा त्या घराण्यांच्याच मुलांनी. म्हणून तो वर्षानुवर्षं झालाच नाही. सामान्य माणसाला नेता भेटतो तो बारांगायच्या, म्हणजे वाडी-वॉर्डाच्या, कॅप्टनच्या किंवा मेयरच्या रूपात: इस्पितळाचं बिल भरणारा, मयताला पाकीट देणारा. त्याचे उपकार मतपेटीपर्यंत जातात. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

कॉलेजात असताना मी एड्साच्या त्या क्रांतीबद्दल भाषण केलं होतं: चार दिवसांत, जवळपास रक्त न सांडता, हुकूमशहा गेला. ती एकोणीस वर्षांची मुलगी आज मला विचारते, मग तू मॅमचं समर्थन करतेस का? नाही करत. तीन कोटी दहा लाखांहून जास्त लोकांनी ते मत दिलं म्हणून ते योग्य ठरत नाही. साराचे वडील रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष असताना, ड्रग्जविरोधी मोहिमेत, रात्री गल्लीत गोळ्या घालून मारलेल्या पोरांच्या आयाही मॅमसारख्याच शिकवण्या घेणाऱ्या, भात रांधणाऱ्या बायका होत्या. पण त्या मुलीच्या भाषणात मेंदिओला नव्हतं. तिला तेव्हा ते माहीत असतं तरी तिने सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही.

मॅम आता मेसेज करतात. लेनी रोब्रेदो २०२५ मध्ये नागा शहराच्या मेयर झाल्या. तिथेच त्यांचे पती जेस्सी रोब्रेदो साध्या चपला घालून चिखलात उतरणारे मेयर म्हणून नावाजले आणि २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळवते झाले. मी मॅमना लिहिलं, बघा. त्यांचं उत्तर: मेयर म्हणून कधीही मत देईन, पण मलाकान्यांगमध्ये गेलं की माणूस आपला राहत नाही. मी लिहिलं, असं मानल्यामुळेच ते घराणं परत आलं. त्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणंही मला पटलेलं नाही.