चार पानांचं संमतिपत्र

पीएच.डी.नंतर ड्राव्हे सिंड्रोमवर काम सुरू केलं तेव्हा धास्ती होती प्रयोगांची. प्रत्यक्षात अडकले ते चार पानांच्या मराठी संमतिपत्रात.

या आजारात बाळाला पहिल्याच वर्षात, बऱ्याचदा तापात, लांबलेली आकडी येते. शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. २००१ मध्ये त्यामागचं एससीएन१ए जनुक सापडलं. चेतापेशीत सोडियम आत घेणारं एक दार या जनुकामुळे बनतं. जनुकाची एक प्रत बिघडली की मेंदूला आवर घालणाऱ्या पेशीच दुबळ्या पडतात. सोडियम अडवणारं कार्बामाझेपिनसारखं आकडीवरचं नेहमीचं औषध म्हणूनच या मुलांचा त्रास वाढवू शकतं.

मला मुलांच्या थोड्याशा रक्तापासून मूळ पेशी आणि त्यांपासून चेतापेशी तयार करायच्या होत्या. नैतिकता समितीने अर्ज दोनदा परत पाठवला. समितीतल्या एक बाई वैद्यकीय क्षेत्रातल्या नव्हत्या. ‘जनुकीय उत्परिवर्तन’ या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे बाळाच्या आईला कळेल?”

मजकूर मी आधी इंग्रजीत लिहिला होता, आणि ते ओळीओळीत दिसत होतं. सगळा फाडून नव्याने लिहिला. ‘अपस्मार’ गेला, ‘फीट, आकडी’ आली. सात वर्षांवरच्या मुलांचा स्वतःचा होकारही लागतो, त्यांच्यासाठी वेगळं पान केलं. सगळ्यात जास्त वेळ या दोन वाक्यांना लागला: ‘या पेशी आमच्याकडे वर्षानुवर्षं वाढत राहतील. नको वाटलं तर सांगा, आम्ही त्या नष्ट करू.’

मंजुरीनंतर भेटलेल्या पहिल्याच आईने पेन हातात घेतलं आणि थांबली. “मॅडम, हे माझ्याकडून आलंय का? सासरी तसंच म्हणतात.”

बहुतेक मुलांमध्ये जनुकातला हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, नव्यानेच झालेला असतो. हिचा आणि नवऱ्याचा तपासणी अहवाल फाइलमध्येच होता. दोघांच्याही रक्तात बदल नव्हता. पण अहवाल इंग्रजीत, आणि कुणी समजावून सांगितलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. संमतिपत्र बाजूला ठेवून मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं आणि सहीनिशी चार ओळी मराठीत लिहून दिल्या.

पुढच्या खेपेला ती सासूबाईंना घेऊन आली. “ते तुमचं चार पानांचं पत्र मोठ्याने वाचा,” सासूबाई म्हणाल्या, “मलाही ऐकायचंय.”