गणपतीच्या आधीचे चार तास

खाण्याच्या विकारांवर कॉलेजात व्याख्यान ठेवायचा विचार असेल तर आधीच सांगते, ठेवू नका. ॲनोरेक्सिया (जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहणं) म्हणजे काय, बुलिमियात (भरमसाट खाऊन मग उलटीसारख्या मार्गाने ते बाहेर काढणं) मुली काय काय करतात, हे तासभर ऐकून कुणाचं खाणं सुधारत नाही. उलट वजनाच्या विचारात आधीच अडकलेल्या मुलीला त्यातून नव्या युक्त्या कळतात. उपयोग होतो तो छोट्या गटाचा, आणि त्यातही मुलींनी स्वतः बोलण्याचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असा गट ऑनलाइन घेऊ पाहणाऱ्या शिक्षिका आणि समुपदेशकांसाठी हे लिहिते आहे.

या कामात ज्याच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे तो कार्यक्रम म्हणजे बॉडी प्रोजेक्ट. एरिक स्टाइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो उभा केला. ‘बारीकच असायला हवं’ या समजाविरुद्ध मुली त्यात गटासमोर स्वतः बोलतात. स्वीडनमध्ये १५ ते २० वर्षांच्या ४४३ मुलींवर त्याच्या ऑनलाइन रूपाची चाचणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. गटात बोललेल्या मुलींपैकी दोन वर्षांत ३ जणींना विकार जडला, तर नुसतं मनातलं लिहून काढणाऱ्यांपैकी १३ जणींना.

हे घडतं कसं? आपण चारचौघांत एक बोललो आणि मनात भलतंच असलं की माणूस बेचैन होतो, आणि हळूहळू मनच बोलण्याच्या बाजूला सरकतं. लिऑन फेस्टिंगरने १९५७ मध्ये हा सिद्धांत मांडला. १९५९ च्या प्रयोगात त्याने लोकांना कंटाळवाणं काम करायला दिलं आणि ‘काम मजेचं होतं’ असं पुढच्या माणसाला सांगायला लावलं. त्यासाठी १ डॉलर मिळालेल्यांना ते काम खरंच बरं वाटू लागलं, २० डॉलर मिळालेल्यांना नाही. पैसे भरपूर मिळाले की मन म्हणतं, पैशासाठी बोललो. म्हणून या गटाला हजेरीचे गुण, सर्टिफिकेट, सक्ती यांतलं काहीही जोडू नका.

गट सहा ते आठ मुलींचा, आठवड्यातून एकदा एक तास, असे चार तास. घेणाऱ्या दोघी हव्यात, कारण एकीची लाइट गेली तर दुसरीने पुढे न्यायचं असतं, आणि पावसात ती जातेच. एकाच वाडीतल्या दोन मुली एका गटात घेऊ नका, नाहीतर बोललेलं दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोचतं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणून लिंक प्रत्येकीला वेगळी पाठवा. त्या मेसेजात ‘विकार’ हा शब्द नको, फोन पुष्कळदा भावाच्याही हातात असतो. वेळ दुपारी तीनची बरी. जेवणं आटोपून घरातली माणसं आडवी झालेली असतात आणि मागच्या पडवीत इअरफोन लावून बसता येतं. कॅमेरा निदान बोलताना तरी चालू हवा, मात्र स्वतःचा चेहरा स्वतःला दिसणार नाही अशी सेटिंग करून घ्या. तासभर स्वतःकडेच पाहत बसणं या मुलींना घातक. रेकॉर्डिंग नको. किलो, इंच आणि कॅलरीचे आकडे कुणीही उच्चारायचे नाहीत. अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची संमती लागेल.

पहिल्या तासाला ‘सगळ्यांना हवी ती मुलगी’ कशी असते हे मुलींकडूनच काढून घ्या. लग्नाच्या जाहिरातीतलं ‘सडपातळ, गोरी, सुस्वरूप’ आपोआप येतं. मग या मुलीसारखं व्हायला काय काय खर्ची पडतं, पैसा, झोप, अभ्यास, मैत्रिणी, ते त्यांनीच सांगायचं. घरी दोन कामं: धाकट्या मुलीला या किमतीबद्दल पत्र, आणि आरशासमोर उभं राहून स्वतःतल्या आवडत्या गोष्टींची यादी. बहुतेक जणी ‘डोळे’ लिहून थांबतात. त्यांना विचारा, एसटी थांब्यापासून घाटी चढून घरी कोण आणतं?

दुसरा तास सगळ्यात मोलाचा आणि इथेच गट फसतात. घेणारीने हट्टी मुलीचं सोंग घ्यायचं: ‘मी रात्रीचा भात सोडलाय, मला बारीक व्हायचंच आहे.’ मुलींनी तिला परावृत्त करायचं. आपल्याला शिकवायची सवय, त्यामुळे दोन मिनिटांत आपणच मुद्दे पुरवू लागतो आणि मुली नुसत्या माना डोलावतात. मुद्दा त्यांच्या तोंडून आला नाही तर तास वाया. शांतता पडली तरी थांबा, हट्ट सोडू नका. दुसरी चूक म्हणजे ‘अगं, तू कुठे जाड आहेस!’ असा दिलासा देणं. त्यातून जाड असणं वाईट हेच पक्कं होतं.

उपासाचा विषय निघतोच. श्रावणातल्या सोमवारांना नावं ठेवू नका, मुली मिटून जातील. एवढंच विचारा: सोमवार सुटल्यावर इतरांबरोबर नेहमीसारखी जेवतेस, की उपास वाढवायला कारण शोधतेस?

तिसऱ्या तासाला चटकन उत्तर द्यायचा सराव. मुंबईहून आलेली आत्या खळ्यातूनच म्हणते, ‘काय गो, जाडी झालंस?’ उत्तर उद्धट नको, पण विषय तिथेच संपायला हवा: ‘आत्या, वजनाचं राहू दे, प्रवास कसा झाला ते सांग.’ प्रत्येकीने आपलं उत्तर मोठ्याने दोनदा म्हणायचं. जो ड्रेस अंगाकडे पाहून टाळला तो त्या आठवड्यात घालायचा. चौथ्या तासाला त्याचा अनुभव आणि पुढे येणाऱ्या प्रसंगांची तयारी, हॉस्टेल, बघण्याचा कार्यक्रम.

आजारी पडलेल्या मुलीसाठी हा गट नाही. पाळी तीन महिने चुकणं, चक्कर येऊन पडणं, जेवल्यावर रोज बाथरूममध्ये जाऊन बसणं यांतलं काही कळलं तर तिच्याशी एकटीशी बोला आणि डॉक्टरकडे पाठवा. वारंवार उलट्या काढल्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरच्यांनी एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावं. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मराठीतही, चालू असतो.

तारखा ठरवताना चौथा तास चाकरमानी गावात उतरायच्या आधी संपवा. विसर्जनानंतरच्या आठवड्यात अजून एक तास ठेवा आणि कोण काय बोललं, कुणी काय उत्तर दिलं, एवढंच ऐका.