शिट्टी न वाजणारा कुकर

काल भंडारदऱ्याला तंबू ठोकला आणि डिकीतून आईची जुनी सूर्यचूल काढली. तीच ती पेटी, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. कित्येक वर्षं माळ्यावर धूळ खात होती.

साडेदहाला तांदूळ, तूरडाळ, रताळी लावली आणि चौथ्या डब्यात शेंगदाणे. "पाणी कमी घाल गं, यात वाफ उडून जात नाही," आईचं चालूच होतं. दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे वळवायचं काम लेकाकडे. सावली बघून आरसा कसा धरायचा ते त्याला लगेच जमलं. घोळ घातला तो मीच. डाळ शिजली का बघायला दोनदा काच उघडली. दोन्ही वेळा आतली उष्णता भसकन बाहेर, आणि आईचा चेहरा बघण्यासारखा! त्यात कळसूबाईच्या बाजूने ढग आला तो वीस मिनिटं हलेना. नवऱ्याने गुपचूप गॅसची शेगडी काढून ठेवली होती, ते वेगळंच.

दीडला भात झाला, मोकळा. रताळी इतकी गोड की गूळ लागलाच नाही. डाळ मात्र अडीचला शिजली. तोवर आमचा भात-लोणचं खाऊन झाला होता, मग वरण वाटीतूनच प्यायलो, वर तूप सोडून.

गरम डबे उचलायला फडकं न्यायचं विसरले होते. लेकाचा मोजा वापरला. (धुतलेला होता.)