पडलेल्या कडुनिंबाच्या फळ्या

बडोद्यात पावसाळी वादळात कडुनिंब पडला, तर त्याचं सरपण करू नका, फार चांगलं लाकूड आहे. रस्त्यावरचा ओंडका मात्र महापालिकेला विचारूनच उचला.

त्याच दिवशी दोन्ही टोकांना ऑइलपेंट किंवा वितळवलेलं मेण फासा. ओलावा टोकांतून सर्वांत वेगाने उडतो, म्हणून तडे तिथूनच जातात. साल काढा, तिच्याखाली किडे वाढतात. ओंडका अगदी मध्यातून उभा चिरून दीड इंची फळ्या पाडा. ओंडक्याचा मध्यबिंदू ज्या फळीत येतो ती हमखास फाटते. सावलीत, दीड-दीड फुटांवर इंचभर जाड पट्ट्या घालून थर रचा. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. वर जड दगड. सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष लागतं. बाहेरचं फिकट लाकूड भुंगा पोखरतो, ते तासून टाकलेलंच बरं.