सुरूच्या खांबांसमोर उभे राहायला जागा नाही

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने पुण्यात उतरलो आणि शनिवारवाडा तासाभरात पाहून झाला. १८२८ च्या आगीनंतर तेथे तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच उरले आहे. महाल कोठे होता हे पाटीवर वाचायचे आणि हिरवळीकडे पाहायचे. मला उभा वाडा पाहायचा होता, म्हणून बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाड्याकडे वळलो.

दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा राहण्यासाठी बांधून घेतला आणि सारी हौस दर्शनी बाजूवर पुरवून घेतली. ती बाजू डोळ्यांत मावायची तर चार पावले मागे सरावे लागते, आणि मागे सरले की थेट स्कूटरखाली! पदपथ विक्रेत्यांनी भरलेला. शेवटी समोरच्या एका दुकानाची पायरी गाठली. तेथून सज्जा पेलणारे सागवानी खांब नीट दिसले: बुडाशी कोरलेल्या पानांतून उगवल्यासारखे, वर निमुळते होत गेलेले, सुरूच्या झाडाच्या घाटाचे, त्यांवर महिरपी आणि केळफुले. एका खांबावरचा काळपट रंग जेथे उडाला होता, तेथे पानाची शीर न् शीर मोजता येत होती. एवढ्यात मागून आवाज आला, "काही घ्यायचं नसेल तर पायरी मोकळी ठेवा." मुकाट्याने उतरलो.

आत चौकात मात्र कोणी हटकले नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली, बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, गेला आणि तीनच वर्षांत इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा उघडली. मे १८७९ मध्ये कोणीतरी लावलेल्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला, तो पुढे लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. नगरपालिकेची कचेरीही येथे नांदली. माझ्या मते वाडा वाचला तो या वर्दळीमुळेच, कारण ज्या घरात रोज माणसे ये-जा करतात त्याचे गळके छप्पर कोणाच्या तरी डोक्यावर गळते आणि मग शाकारले जाते.

बाहेर आल्यावर पुन्हा त्याच पायरीवर चढलो आणि दोन हातरुमाल मागितले. मालकांना सुटे पैसे सापडेपर्यंत सज्जा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहून घेतला.