बर्लिन बचाव: आठव्या चालीला वजीर पटाबाहेर

पांढऱ्याने ई४, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून, डाव सुरू केला की काळ्याने काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न प्रत्येक बुद्धिबळपटूला कधी ना कधी सोडवावाच लागतो. मी बरीच वर्षं सिसिलियन नायडॉर्फ हा बचाव खेळत होतो. नायडॉर्फ फार सुंदर आहे, पण सहाव्या चालीलाच पांढऱ्यापुढे ढीगभर वाटा असतात आणि प्रत्येक वाटेचं पाठांतर वेगळं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या रेटिंग स्पर्धा खेळायच्या, तर ते पाठांतर ताजं ठेवायला वेळ कुठून आणायचा? मला मनापासून आवडतो तो एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा. तेव्हा विचार केला, एंडगेम लवकरात लवकर पटावर आणणारं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कुठली? असा शोध घेतला की माणूस बर्लिन बचावापाशीच येतो.

चाली अशा (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ आणि इथे काळा घोडा एफ६ वर काढतो. पांढरा किल्लेकोट करतो (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करतो), काळा ई४ चं प्यादं मारतो, मग डी४, घोडा डी६, उंट सी६ वर मारतो, डी-प्याद्याने तो परत मारायचा, डी४ चं प्यादं ई५ ला मारतं, घोडा एफ५ ला येतो, वजीर डी८ वर मारतो आणि काळा राजा त्याला मारतो. आठ चालींत दोन्ही वजीर गेले, काळ्याचा किल्लेकोट कायमचा गेला आणि सी फाइलवर, म्हणजे सी या उभ्या रांगेत, त्याची दोन प्यादी एकामागे एक बसली.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला काळ्यात काय दम आहे ते कळत नाही. मलाही सुरुवातीला मनापासून पटवून घ्यावं लागलं, आणि त्यासाठी मी २००० सालच्या लंडनच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीकडे वळलो. तेव्हाच्या विश्वविजेत्या कास्पारोव्हच्या हातात वजीर आणि पुढाकार असला की समोरच्याचं काय होतं, हे सगळ्या जगाने पाहिलेलं होतं. आव्हानवीर क्रामनिकने त्याच्यासमोर बर्लिन मांडला. वजीर पटाबाहेर, आता हल्ला कशाने करणार? पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावात कास्पारोव्ह पांढऱ्या मोहऱ्यांनी या भिंतीवर आला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. क्रामनिकने लढत साडेआठ-साडेसहा अशी जिंकली, एकही डाव न हरता. त्यापूर्वी हा बचाव जुन्या पुस्तकांतला, जरा बाजूला पडलेला होता. त्यानंतर आघाडीचा एकही खेळाडू त्याच्याकडे दुर्लक्ष करू शकला नाही.

अभ्यास चालींपासून सुरू करायचा नाही, असं मी ठरवलं. आठव्या चालीनंतरची स्थिती मांडली आणि राजे व प्यादी सोडून सगळी मोहरी उचलून ठेवली. पांढऱ्याची राजाच्या बाजूला चार प्यादी, समोर तीन. काळ्याची वजिराच्या बाजूला चार, समोर तीन. मोजायला बरोबरी. पण पांढऱ्याच्या चारांतून पास पॉन, म्हणजे समोर अडवणारं प्यादं नसलेलं प्यादं, निघतो. काळ्याच्या चारांतली दोन सी फाइलवर अडकलेली, त्यामुळे पांढरा नीट राहिला तर काळ्याचा पास पॉन निघतच नाही. म्हणजे फक्त प्याद्यांचा एंडगेम आला की बहुतेक वेळा पांढरा जिंकतो. क्लबातल्या एका मित्राला पांढरी बाजू दिली, मग आम्ही बाजू बदलल्या. दोन्हीकडून खेळल्यावर ही गोष्ट हाताला कळली, आणि माझ्या मते बर्लिन शिकण्याचा पाया हाच आहे. सगळी मोहरी बदलून टाकू आणि शांतपणे अर्धा गुण घेऊ, असं काळ्याला म्हणताच येत नाही. कुठलं मोहरं बदलायचं आणि कुठलं राखायचं, यावर सगळा डाव उभा असतो.

मग एकेक मोहरं परत ठेवत गेलो. आधी फक्त उंट. काळ्याकडे दोन्ही उंट, पांढऱ्याकडे एक. पांढऱ्याने आपला पांढऱ्या घरांवरचा उंट सी६ ला देऊन टाकलेला असतो. त्याचं ई५ चं प्यादं काळ्या घरावर उभं असतं. त्यामुळे एफ५, ई६, डी५, जी६ ही पांढऱ्या रंगाची घरं काळ्याची होतात. त्याचा घोडा एफ५ वर बसतो, उंट ई६ वर बसतो, आणि पांढऱ्याला एफ४-एफ५-ई६ असं प्यादं पुढे रेटायचं असतं तिथेच अडसर उभा राहतो. काळ्या घरांवरचे उंट बदलले गेले तरी काळ्याला फारशी चिंता नाही. पण एफ५ चा घोडा गेला आणि जी४ ला मोकळीक मिळाली, की पांढऱ्याची प्यादी चालू लागतात.

शेवटी हत्ती ठेवले आणि खरी अडचण समोर आली. एच८ चा हत्ती. राजा मधे उभा, किल्लेकोट नाही, मग हा बाहेर कसा यायचा? याचं उत्तर मला इतकं आवडलं की त्या दिवसापासून बर्लिन माझा झाला. पांढरा एच३ करतो, कारण त्याला जी४ करून घोडा हाकलायचा असतो. काळा एच५ करतो. त्याने जी४ अडतं, आणि त्याच प्याद्यामागून हत्ती एच६ वर आणि तिथून जी६ वर येतो. कोपऱ्यात सडणारं मोहरं सरळ पांढऱ्या राजासमोर उभं राहतं.

राजा कुठे ठेवायचा, यावर दोन घराणी आहेत. क्रामनिकने लंडनच्या पहिल्या डावात उंट डी७ आणि एच६ करून राजा सी८ ला नेला. दुसरी पद्धत राजाला सरळ ई८ वर परत आणण्याची. मी दुसरी निवडली. डी फाइलवर पांढरा हत्ती आला की राजा तिथे नको, उंट ई७ वर आला की डी८ सांभाळलं जातं, आणि ए८ चा हत्ती सवडीने डी८ वर येऊन हत्ती बदलायला मागतो. सी८ ची पद्धत चुकीची मुळीच नाही, पण तिथे एच८ चा हत्ती बाहेर यायला फार वाट पाहावी लागते.

आनंद आणि कार्लसन यांच्या विश्वविजेतेपदाच्या लढती मी पुन्हा पुन्हा मांडल्या. २०१३ साली चेन्नईत चौथ्या डावात आनंद पांढऱ्याने होता आणि कार्लसनने बर्लिन लावला. अठराव्या चालीला कार्लसनच्या उंटाने सरळ ए२ चं प्यादं खाल्लं. शाळेत आपल्याला सांगतात की ते खाऊ नये, बी३ झालं की उंट अडकतो. बी३ झालंही. पण सी-प्यादं पुढे सरकलं, बी३ वर मारामारी झाली आणि उंट बी१ मधून बाहेर पडला. सी फाइलवरची ती कुरूप जोडी इथे कामाला आली! आनंदने प्यादं कमी असताना चिवट बचाव केला आणि ६४ चालींत डाव बरोबरीत राखला. दोन्ही बाजूंनी असं खेळलेलं बर्लिन मी दुसरं पाहिलेलं नाही.

२०१४ चा सोचीचा अकरावा डाव मात्र बघताना आजही घशाशी येतं. आनंद एका गुणाने मागे, हातात काळी मोहरी. त्याने राजा सी८ वरून बी७ ला नेला आणि तेविसाव्या चालीला बी५ अशी खणखणीत चाल केली. काळ्याचा डाव चांगला होता. मग सत्ताविसाव्या चालीला हत्ती बी४, उंटाच्या बदल्यात हत्ती देऊन टाकला, आणि तिथून कार्लसनने ४५ व्या चालीपर्यंत डाव आणि विजेतेपद दोन्ही नेलं. मी तो हत्ती बी४ ला न नेता त्या स्थितीतून मित्राबरोबर बरेच डाव खेळून पाहिले. वजिराच्या बाजूची प्यादी योग्य वेळी हलली तर काळा जिंकायलाही खेळू शकतो, हे मला त्या एका स्थितीने शिकवलं. बर्लिनला केवळ बरोबरीचं ओपनिंग म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हापासून जमत नाही.

इंजिनबद्दल, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडं. जुन्या सॉफ्टवेअरना ही स्थिती नीट उमगत नसे, ती पांढऱ्याला उगाच मोठी आघाडी दाखवत. आजची इंजिनं पांढऱ्याला किंचित वरचढ म्हणतात आणि ते रास्त आहे. पण इथे आकडा बघून शिकण्यासारखं फार काही नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ही स्थिती मांडून माणसाशी खेळलेला एक डाव त्याहून जास्त देतो.

एवढी तयारी करून स्पर्धेत उतरलं की कळतं, तो एंडगेम समोरचा आपल्याला सहजी देत नाही. बरेच जण तिसऱ्या चालीला उंट सी४ खेळून इटालियन या दुसऱ्या ओपनिंगमध्ये जातात, तिथे बर्लिनचा प्रश्नच नाही. उंट बी५ वर आणणारे अनेक जण चौथ्या चालीला डी३ करतात आणि वजीर पटावर ठेवतात. त्याला मी उंट सी५ खेळतो, तो साधा, भरलेल्या पटाचा डाव असतो. काही जण पाचव्या चालीला हत्ती ई१ करतात. घोडा डी६, घोड्याने ई५ मारणं, उंट ई७, उंट एफ१, घोड्यांची अदलाबदल आणि काळ्याचा किल्लेकोट. प्यादी दोन्हीकडे सारखी, मधली फाइल उघडी. इथे धीर लागतो, थिअरी म्हणजे पाठ केलेल्या चाली नाहीत. आणि सी६ वर न मारता ई५ चं प्यादं मारून, काळ्या घोड्याने बी५ चा उंट मारला की ए४ करून त्याच घोड्याला धरणारेही भेटतात. मोहरं तर जातंच, म्हणून गोंधळायचं नाही, कारण मोहरं पांढऱ्यानेही दिलेलं असतं. घोडा डी४ वर परत आणायचा, तिथे घोडे बदलले जातात, वजीर मधे आला की डी५. डाव सारखा. एवढी एक शाखा मात्र पाठच हवी. वजीर डी८ वर मारण्याऐवजी ई२ ला नेणाऱ्यांना घोडा डी४ हे उत्तर पुरतं.

खरा बर्लिन एंडगेम मला दीर्घ वेळेच्या एका स्पर्धेत मिळाला. समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा, पालक काचेच्या दारापलीकडे. मुलाने पहिल्या बारा चाली भराभर केल्या: घोडा सी३, एच३, उंट एफ४, हत्ती डी१. माझे राजा ई८, एच५, उंट ई७, उंट ई६ झाले होते. तेराव्या चालीला त्याने घोडा जी५ ला आणला आणि मी हत्ती एच६ वर ठेवला. तो पहिल्यांदा थांबला. दोन्ही हात डोक्याला लावून बराच वेळ त्या हत्तीकडे बघत राहिला. मग जी३. मी उंटाने घोडा मारला, त्याच्या उंटाने परत मारला, हत्ती जी६. एच४, एफ६, प्याद्यांची मारामारी, त्याचा उंट एफ४ वर मागे गेला. आणि माझ्या घोड्याने एच४ चं प्यादं उचललं. जी३ च्या प्याद्याला तो मारता येत नाही, कारण जी६ चा हत्ती त्याच्या मागच्या राजाकडे बघत असतो. ही चाल मी घरी कितीदा मांडली होती, पण खऱ्या पटावर, घड्याळ चालू असताना ती करण्याचा आनंद निराळाच.

पुढे त्याने फार चांगला बचाव केला. हत्ती बदलले गेले, विरुद्ध रंगाच्या घरांवरचे उंट उरले आणि एक प्यादं जास्त असूनही मला वाट मिळेना. त्याने हात पुढे केला, मी तो घेतला. विश्लेषणाच्या टेबलावर त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, एच६ वर हत्ती का?" मी पट मांडला, सगळी मोहरी काढली आणि फक्त प्यादी ठेवली. त्याला ती मोजणी लगेच समजली. मग त्याने मला विचारलं की जी३ च्या जागी घोड्याने ई६ चा उंट मारला असता तर. हत्तीने परत मारायचं, हत्ती ई६ वर येऊन ई५ वर दाब देतो, मात्र दोघांकडे काळ्या घरांवरचा एकेक उंट उरतो आणि विरुद्ध रंगाचा आधार जातो. त्या स्थितीवर आम्ही दोघं पुढच्या फेरीची घोषणा होईपर्यंत बसलो होतो. सध्या माझा अभ्यास तिथेच चालू आहे. त्या उंटांच्या एंडगेममध्ये काळ्या राजाने कुठे उभं राहायचं, हे मला अजून पूर्ण समाधान होईल असं सापडलेलं नाही.