ओरेगॉनच्या किनाऱ्यावर चिंगीने सॅल्मन खाल्ला तेव्हा

आमचा कुत्रा मोती बारा वर्षांचा झाला आणि त्याच्या मागच्या पायांतली ताकद गेली. त्याला कुणाकडे ठेवून फिरायला जायचं आमच्या मनाला पटेना. म्हणून २०२३ मध्ये आम्ही पोर्टलंडमधल्या घरासमोर एक वापरलेला, २० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणून उभा केला. सप्टेंबरअखेर अमेरिकेतल्या आमच्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जायचं, सोबत मोती आणि आमची तीन वर्षांची कुत्री चिंगी, एवढं ठरलं.

सप्टेंबरअखेर मुद्दाम. तिथल्या वाळूत स्नोई प्लव्हर नावाचा चिमुकला पक्षी अंडी घालतो, आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद. १५ मार्च ते १५ सप्टेंबर त्याच्या विणीच्या पट्ट्यांत कुत्र्यांना बंदी असते, दोरीला बांधलेल्यांनाही. अंडी वाळूच्याच रंगाची, आणि कुत्रा नुसता जवळून गेला तरी पक्षी घरट्यावरून उठतो. हा नियम मला मनापासून पटतो. राज्य उद्यानांतल्या मुक्कामाच्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, त्यामुळे मार्चमध्येच सगळे मुक्काम धरून ठेवले.

मग शिकणं सुरू झालं. पहिल्याच सरावाच्या फेरीत हायवेवर ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागला. मी बाजूला बसले होते, हातपाय गार पडले. नवऱ्याने ब्रेक न मारता वेग हळूहळू उतरू दिला, म्हणून सावरलो. कारण साधं होतं: स्वयंपाकघर मागच्या टोकाला, म्हणून आम्ही जड सामान सगळं मागेच भरलं होतं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढे, गाडीच्या हुकावर यायलाच हवा. तो कमी पडला की शेपूट गाडीला ओढायला लागते. कणीक-तांदळाचे डबे आणि कुत्र्यांच्या खाण्याची पोती पुढे हलवली आणि फरक लगेच जाणवला.

रिव्हर्स घेणं मी शिकले, रिकाम्या पार्किंगमध्ये, चार रविवार घालवून. स्टिअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा, हे कळल्यावर डोक्यातला गोंधळ थांबला. मुक्कामाला पोचल्यावरचा क्रमही तोंडपाठ केला: आधी डावी-उजवी पातळी, मग चाकांखाली ठोकळे, मगच गाडी सोडवायची. ठोकळे विसरलात तर ट्रेलर घरंगळतो.

पोर्टलंडहून डोंगर ओलांडून १०१ नंबरच्या हायवेला लागलो. नेहकाहनी डोंगराच्या कड्यात कोरलेल्या वळणावर समुद्र एकदम खूप खाली दिसतो. वडील वरंध घाटात सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इथेही तेच केलं, ब्रेक तापू दिले नाहीत.

पहिला मुक्काम नेहेलम बे. उद्यानाच्या आवारात दोरी सहा फुटांहून लांब चालत नाही. पण समुद्राच्या वाळूवर कुत्रा तुमच्या हाकेत असेल आणि दोरी तुमच्या हातात असेल, तर मोकळा सोडता येतो. चिंगी पाण्याच्या रेषेने सुसाट पळाली. मोती दहा पावलं चालून ओल्या वाळूत बसला आणि वारा हुंगत राहिला. या राज्यात किनाऱ्याची वाळू कुणाला कुंपण घालून अडवता येत नाही. १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या काळात झालेल्या कायद्याने गवत-झुडपांच्या रेषेपर्यंतचा किनारा लोकांसाठी राखला. त्या संध्याकाळी मला त्या कायद्याबद्दल फार कृतज्ञता वाटली.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या बाजूला, होड्या पाण्यात सोडतात तिथे, चिंगीने काहीतरी चघळताना माझ्याकडे पाहिलं. तोंडात हात घालेपर्यंत तिने ते गिळलं. उरला तो कातडीचा चंदेरी तुकडा. सॅल्मन मासा, कच्चा.

पोर्टलंडला आल्यापासून कुत्री पाळणाऱ्या शेजाऱ्यांकडून हे ऐकलं होतं. इथल्या नद्यांतल्या गोगलगायींतून एक पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा परजीवी किडा, सॅल्मनमध्ये जातो आणि त्या कृमीच्या पोटात एक जिवाणू असतो. माणसाला किंवा मांजराला त्याचा आजार होत नाही, कुत्र्याला होतो, आणि उपचार मिळाला नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. लक्षणं सहसा आठवडाभरात दिसतात. मासा शिजवलेला असता तर काहीच प्रश्न नव्हता. मी तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवली.

पुढचे दिवस न्यूपोर्टजवळ गेले. धक्क्यावर सी लायन, सीलच्या जातीचे समुद्री प्राणी, भुंकत होते आणि दोन्ही कुत्र्यांचे कान ताठ. यकिना हेडचा ९३ फुटी दीपस्तंभ पाहिला. माझं लक्ष मात्र चिंगीच्या ताटलीकडे.

फ्लॉरेन्सजवळच्या हनीमन उद्यानात, वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत, सहाव्या सकाळी तिने खाणं सोडलं. दुपारी उलटी, अंग तापलेलं, जबड्याखालच्या गाठी सुजून बोराएवढ्या झालेल्या. एक रात्र वाट पाहू, असं नवरा म्हणत होता. मी थांबायला तयार नव्हते. ट्रेलर तिथेच ठेवून गाडी काढली आणि जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी वही पुढे केली. त्यांनी विष्ठेची तपासणी केली, कृमीची अंडी दिसली. जिवाणूसाठी डॉक्सिसायक्लिन, कृमींसाठी प्राझिक्वांटेल आणि सलाइन. तारीख लिहिलेली होती म्हणून अंदाजात वेळ गेला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

ती रात्र मी ट्रेलरच्या जमिनीवर काढली. मोती एरवी माझ्या पायाशी झोपतो, त्या रात्री तो कण्हत उठून चिंगीच्या पाठीला पाठ लावून झोपला. बाहेर धुकं आणि पाइनवरून थेंब.

पुढचा बॅन्डनचा मुक्काम रद्द केला आणि इथेच दोन रात्री वाढवून घेतल्या. तिसऱ्या दिवशी मी मऊ दहीभात कालवला, मीठ न घालता, आणि तळहातावर धरला. चिंगीने आधी हुंगला, मान फिरवली, मग पुन्हा आली आणि हात चाटून पुसला. नवरा ट्रेलरच्या दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही, मोतीला उचलून पायऱ्यांवरून खाली घेऊन गेला, आणि आम्ही चौघं वाळूच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चाललो. सहा फुटांच्या दोरीत.